कुलरिकांची ठेव आणि सातपूरची भट्टी

नाशिकच्या पांडवलेण्यांत, म्हणजे जुन्या त्रिरश्मी डोंगरावर, दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या अंगणात भिंतीवर एक शिलालेख आहे. आभीर राजा माढरीपुत्र ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातला, साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यावरचा. बरीच अक्षरे झिजली आहेत. विष्णुदत्ता नावाच्या शक कुळातल्या उपासिकेने डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंपैकी जे आजारी पडतील त्यांच्या औषधपाण्यासाठी कायमची रक्कम ठेवली, असा त्याचा आशय. ही रक्कम तिने गोवर्धनातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवली. ओदयंत्रिकांच्या, म्हणजे पाण्याच्या यंत्रांचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण, तिलपिषकांच्या म्हणजे तेल्यांच्या श्रेणीकडे काही, आणि कुलरिकांच्या श्रेणीकडे 1000.

हे कुलरिक म्हणजे कोण? एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात नाशिकचे लेख वाचून छापले, त्यात त्यांनी या शब्दाचा अर्थ कुंभार असा लावला. संस्कृतात कुलाल म्हणजे कुंभार, त्यामुळे तो ओढा समजण्यासारखा आहे. सगळ्यांनी तो मान्य केलेला नाही. मला तो पटतो, आणि पटण्याचे माझे कारण भाषेपेक्षा भट्टीशी जास्त निगडित आहे. ते पुढे येईलच.

लेखातले गोवर्धन म्हणजे आजचे गंगापूर रस्त्यावरचे गोवर्धन गाव, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. मी राहतो ते सातपूर तिथून काही किलोमीटरवर. सातपूर हे मुळात त्र्यंबक रस्त्यालगतचे शेतीचे गाव. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे इथल्या शेतांच्या जागी गाळे, शेड आणि कारखाने उभे राहिले. त्यांपैकी एका कारखान्याच्या हीट ट्रीटमेंट विभागात मी पाळ्या केल्या. पोलादाचे गीअर 930 अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवायचे, कार्बन त्यांच्या पृष्ठभागात मुरवायचा, मग तेलात विझवायचे. इतिहास मी त्या पाळ्यांच्या आगेमागे, सार्वजनिक वाचनालयातून आणि रविवारी लेण्यांच्या पायऱ्या चढून जमवला. त्यामुळे जुन्या भट्टीबद्दल वाचताना माझे लक्ष आधी तापमानाकडे जाते. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनी याला दोष म्हणावे, माझी हरकत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका गाळ्यात मातीकामाचा सामायिक स्टुडिओ सुरू झाला. दहाबारा जण भाडे वाटून घेतात, चार चाके आहेत आणि एक विजेची भट्टी. भट्टीच्या कंट्रोलरची थोडी दुरुस्ती हवी होती, म्हणून मला बोलावले गेले आणि मी तिथलाच झालो. भांडी मला आजही धड येत नाहीत. भट्टी लावणे, चालवणे आणि तिची वही ठेवणे हे काम मात्र माझ्याकडे आले. हा लेख त्या वहीतून निघाला आहे.

भट्टी सामायिक असणे ही काही आजची सोय नव्हे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 पासून बारा-चौदा वर्षे उत्खनन केले. ताम्रपाषाण काळातल्या त्या वस्तीत कुंभाराची गोल भट्टी सापडली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वस्तीची मांडणी कळली. सधन शेतकऱ्यांची घरे मध्यभागी, तर कुंभार, चुना भाजणारा, सोनार असे कारागीर पश्चिमेकडच्या कडेला. आग, धूर आणि ठिणग्या गवताच्या छपरांपासून दूर. औद्योगिक वसाहत गावाबाहेर ठेवण्यामागचा विचार तीन हजार वर्षांपूर्वीच झाला होता म्हणायचे. त्या भट्टीत भाजल्या गेलेल्या भांड्यांना आपण जोर्वे भांडी म्हणतो, संगमनेरजवळच्या प्रवराकाठच्या जोर्वे गावावरून. चाकावर केलेली, पातळ, लाल अंगावर काळी नक्षी, तोटीची भांडी आणि कंगोऱ्याचे वाडगे. चांगल्या जोर्वे खापरावर टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. आमच्या नाशकातही ती आहेत. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 मध्ये गोदाकाठच्या मातीच्या गढीवर खोदकाम केले, तेव्हा सगळ्यात खालच्या थरात हीच संस्कृती निघाली. तिच्यावर सातवाहन काळ, आणि सर्वांत वर मुसलमानी व मराठी अमदानी. त्याच जुन्या नाशकात आजचा कुंभारवाडाही आहे.

आता तो टिचकीचा आवाज. माती भाजली की नेमके काय होते, हे आमच्या कंट्रोलरच्या आकड्यांसोबत बघायला मिळते. शंभर अंशांपर्यंत मातीतले साधे पाणी जाते. ते घाईने घालवले तर आत वाफ कोंडते आणि भांडे फुटते. म्हणून आमची भट्टी पहिले दोन-तीन तास झाकण किंचित उघडे ठेवून अगदी रेंगाळत चढते. साधारण 450 ते 600 अंशांच्या दरम्यान मातीच्या कणाकणात बांधलेले पाणी सुटते. इथून परतीची वाट नाही. यापुढे ती वस्तू पाण्यात विरघळून पुन्हा चिखल होत नाही. 573 अंशांवर मातीतल्या गारेचे स्फटिक एकदम फुगतात, निवताना त्याच अंशाला तितकेच आकसतात. हजारच्या आसपास पहिली भाजणी पुरी होते, तिला स्टुडिओत बिस्क म्हणतात. मग काचलेप चढवून दुसऱ्यांदा साधारण 1220 ते 1240 अंशांपर्यंत न्यायचे. तेव्हा लेप वितळून काच होते आणि खालची मातीही अर्धी काचच बनते. कण एकमेकांना जितके घट्ट चिकटतील तितका आवाज स्वच्छ. टिचकी ही कुंभाराची चाचणी आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा आपण भक्तीची म्हणून सांगतो. ती व्यवसायाचीही आहे. भाजणी झाल्यावर कुंभार प्रत्येक मडके ठोकून, कान लावूनच गिऱ्हाइकाला देतो.

आवाज भाजणी संपल्यावर कळतो. आग चालू असताना काय कळते? फक्त रंग. काळसर लाल, चेरीसारखा लाल, नारिंगी, पिवळा. आवा लावणारा माणूस रात्रभर त्या रंगाकडे बघत गोवऱ्या आणि भुसा किती, कुठे टाकायचा ते ठरवतो. ही नजर दुसऱ्याला देता येत नाही, शेजारी बसवून शिकवावी लागते. युरोपातही अडचण हीच होती. जोसाया वेजवुडने 1782 मध्ये मातीचे छोटे तुकडे भट्टीत ठेवून ते किती आकसतात यावरून उष्णता मोजण्याची युक्ती काढली. त्याची मोजपट्टी वरच्या अंशांना पार चुकीची होती, पण कल्पना फार चांगली. मातीची उष्णता मातीलाच विचारायची. शंभर वर्षांनी, 1886 मध्ये, बर्लिनच्या राजेशाही पोर्सेलिन कारखान्यात हर्मान सेगरने ठरावीक मिश्रणाचे शंकू केले. ठरलेली उष्णता मिळाली की शंकू वाकतो. गंमत अशी की शंकू नुसते तापमान मोजत नाही. किती वेळ किती ताप सोसला, याचा तो हिशोब आहे. भट्टी सावकाश चढली तर शंकू कमी अंशाला वाकतो. आम्ही आजही थर्मोकपलवर पूर्ण विसंबत नाही. प्रत्येक काचलेपाच्या भाजणीत तीन शंकू ठेवतो, वर, मध्ये आणि खाली. कंट्रोलरने 1230 दाखवले आणि खालचा शंकू ताठ उभा असला, तर मी शंकूचे ऐकतो.

विजेच्या भट्टीचा इतिहास म्हणजे एका तारेचा इतिहास आहे. अल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने निकेल-क्रोमियमच्या तारेचे पेटंट 1906 मध्ये मिळवले. इस्त्रीपासून शेगडीपर्यंत सगळे त्या तारेवर चालते, पण उच्च भाजणीला ती पुरत नाही. 1931 च्या सुमारास स्वीडनमध्ये हान्स फॉन कांट्झोव्ह यांनी लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमची मिश्रधातू बाजारात आणली. तिचे नाव कांथल. ही तार तापली की तिच्या अंगावर अॅल्युमिनाचे पातळ कवच धरते आणि तेच तिचे रक्षण करते. कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी ती आली, तिथून कुंभारांकडे. लंडनमध्ये लूसी री ही व्हिएन्नाहून आलेली कलावंत दुसऱ्या महायुद्धानंतर विजेच्या भट्टीत उच्च भाजणीची भांडी करू लागली, तेव्हा लाकडाच्या भट्टीचे अभिमानी तिच्याकडे नाके मुरडत. आज तिची भांडी संग्रहालयांत आहेत. आमच्या गाळ्यापासून दोन गल्ल्यांवर हीट ट्रीटमेंटची शेड आहे. तिथल्या भट्टीत आणि आमच्या भट्टीत तारा त्याच घराण्याच्या, थर्मोकपल तेच, कंट्रोलरही जवळजवळ तोच. सातपुरात मातीकामाचा स्टुडिओ निघावा यात मला नवल वाटत नाही. कॉइल जळाली की दुरुस्त करणारा माणूस इथे सायकलवर येतो.

पण कवचाच्या या तारेला एक गोष्ट सोसत नाही. कोंडलेला धूर. आपल्याकडची काळी मडकी धूर कोंडूनच काळी होतात. आवा पुरेसा तापला की वरून शेण, भुसा टाकून वाटा बुजवायच्या. हवा मिळत नाही, मातीतले लोह लाल राहत नाही आणि काजळी अंगात मुरते. विजेच्या भट्टीत असे केले तर तारेचे कवच खाल्ले जाते. म्हणून आमच्या भट्टीत काळे मडके होत नाही, होते ते लाल, जोर्वेसारखे. जोर्वेचा लाल रंगही मोकळ्या हवेच्या भाजणीचाच आहे. भारी भट्टी घेतली म्हणून सगळे रंग हातात येतात असे नाही.

सामायिक भट्टीचे नियम सांगतो, कारण या लेखाचा गाभा तिथे आहे. बिस्कमध्ये भांड्यावर भांडे ठेवता येते, एकमेकांना लागले तरी चालते. काचलेपाच्या भाजणीत दोन भांड्यांत बोटभर जागा सोडावीच लागते, आणि बुडाशी लेप पुसून काढावा लागतो. एकाचा लेप ओघळला की तो शेल्फला चिकटतो, शेजाऱ्याच्या वाडग्याला चिकटतो. शेल्फवर पांढरे लेपण देतो ते त्यासाठीच. पण खरी धास्ती लेपाची नसते, मातीची असते. कुणी 1050 अंशांची माती 1230 च्या भाजणीत ठेवली तर ते भांडे फुगते, बसते, वितळून शेल्फवर काळ्या गुळासारखे पसरते. एकाच्या चुकीत बाराजणांचे महिन्याचे काम जाते. म्हणून भिंतीवर फळा आहे. कुणाची भांडी, कोणती माती, कोणता लेप, किती जागा, हे प्रत्येकाने आधी लिहायचे. लिहिले नसेल ते भट्टीत जात नाही. हे मी फार कडकपणे पाळतो. त्यावरून माझ्यावर रुसवेही झाले आहेत.

फळ्यावर लिहिताना मला हटकून त्याच दहाव्या लेण्यातला दुसरा लेख आठवतो, नहपानाचा जावई उषवदात याचा. त्याने 3000 कार्षापण गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले. 2000 दरमहा शेकडा एक दराने, 1000 पाऊण दराने. मुद्दल परत द्यायची नाही, फक्त व्याज. त्याला शब्द आहे अक्षयनीवी. आणि लेख सांगतो की हे सगळे निगमसभेत ऐकवले गेले आणि फलकवारात, म्हणजे नोंदींच्या फळ्यांच्या दप्तरात, रीतीप्रमाणे लिहिले गेले. ठेव टिकण्याची हमी राजाच्या नावात नव्हती. ती सगळ्यांसमोर वाचण्यात आणि लिहून ठेवण्यात होती.

म्हणूनच कुलरिक कुंभार असावेत हे मला पटते. आपण कुंभार म्हटले की बारा बलुतेदारांतला एकटा माणूस डोळ्यांपुढे आणतो. त्रिं. ना. आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाड्या’तला, शेतकऱ्याकडून सुगीला बलुते घेणारा. पण ज्या धंद्यात दहा घरांचा माल एका आगीत जातो, तिथे हिशोब, पाळी आणि विश्वास यांची शिस्त आपोआप तयार होते. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुटुंबे आजही एकमेकांत वाटून घेतलेल्या भट्ट्यांवर भाजतात, कापडाच्या चिंध्यांचे जळण घालून. अशा मंडळींकडे आजाऱ्यांच्या औषधाचे 1000 कार्षापण सोपवावेत, असे विष्णुदत्तेला वाटले असेल तर तिचा व्यवहार पक्का होता. हा पुरावा नाही, अंदाज आहे. पण पाळ्या केलेल्या माणसाचा आहे.

आता अवघड भाग. आमच्या फळ्यावर सुरुवातीपासून एक ओळ होती, ‘लोकल माती चालणार नाही’. स्टुडिओत वापरली जाणारी माती गुजरातेतून, राजस्थानातून पोत्यांत येते. नाशिकच्या भट्टीत नाशिकची माती निषिद्ध. नियम शास्त्राला धरून होता, हे मी आधी सांगितलेच. आपली काळी माती बेसॉल्टची. तिच्यात लोह भरपूर, त्यामुळे ती लवकर वितळते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना इतकी आकसते की तडकते. म्हणून कुंभार तिच्यात नदीचा गाळ, वाळू, राख, लीद मिसळतो. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. साडेआठशे अंशांच्या पुढे त्या खड्याचा कळीचा चुना होतो. भांडे भट्टीतून चांगले निघते, आणि आठवड्याने हवेतले पाणी पिऊन तो चुना फुगतो आणि भांड्याची टवळी उडते.

पण या नियमामुळे जुन्या नाशकातला कुंभार आमच्या दारात येऊ शकत नव्हता. ज्यांच्या घरात भट्टीचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्यासाठीच ही भट्टी बंद. स्टुडिओतले बहुतेक सदस्य आयटीतले, शाळांतले, एक-दोन डॉक्टर. वाईट हेतू कुणाचाच नाही. तरीही जोर्वेपासून जी माती या शहरात भाजली गेली, ती आमच्या दृष्टीने शेल्फ बिघडवणारा धोका ठरली होती. आणि कमी अंशांची भाजणी म्हणजे कमी दर्जाची, असा एक समज स्टुडिओंतून सर्रास आढळतो, तोही चुकीचा आहे. माठातले पाणी गार होते ते माठ सच्छिद्र असतो म्हणून. पाणी पाझरते, उडते, उष्णता घेऊन जाते. तोच माठ 1230 ला भाजला तर त्यात पाणी गार होणार नाही. मातीचे भांडे चुलीवर टिकते तेही भरड, मोकळ्या अंगामुळे. आमचे चकचकीत वाडगे गॅसवर ठेवून बघा.

गेल्या चैत्रात मी स्टुडिओच्या बैठकीत विषय काढला. वाद झाला. शेल्फ कुणाची, कॉइल कुणाची, फुटले तर भरायचे कुणी. दोन बैठकांनंतर ठरले की महिन्यातून एक भाजणी वेगळी, फक्त स्थानिक मातीची, 820 अंशांच्या वर नाही, जुन्या शेल्फवर. चुनखडीसाठी माती बारीक चाळणीने गाळून घ्यायची. खर्च जागेप्रमाणे. मग मी कुंभारवाड्यातल्या एका ओळखीच्या काकांकडे गेलो. ते हसले. ‘विजेवर मडकं? आणि त्याला धग कशी कळणार?’ तरी दोन डेरे, वीसेक पणत्या आणि तव्यासारखे एक पसरट भांडे घेऊन आले, रिक्षात, गोणपाटात गुंडाळून.

लावताना त्यांनी मला शिकवले. मी पणत्या शेल्फवर ओळीने मांडत होतो. त्यांनी त्या डेऱ्यांच्या पोटात भरल्या, तोंडे खाली करून. तेवढ्याच जागेत दुप्पट माल बसला, आणि जागेप्रमाणे खर्च म्हटल्यावर दर पणतीमागे निम्मा. हे स्टुडिओत तीन वर्षांत कुणाला सुचले नव्हते. भट्टी संध्याकाळी लावली. मधेच त्यांनी डोकावायच्या भोकातून पाहिले आणि म्हणाले, ‘सातशेला आली असेल.’ कंट्रोलरवर 715 होते. मी काही बोललो नाही, त्यांनीही नाही.

उघडली दुसऱ्या दिवशी दुपारी, शंभराच्या खाली आल्यावर. एक डेरा बुडाला तडकला होता. दुसरा काकांनी उचलला, तळहातावर तोलला आणि बोटाच्या पेराने ठोकला. मग पुन्हा ठोकला, कान लावून. ‘पक्कं आहे,’ म्हणाले, ‘पण सगळीकडनं सारखंच लाल. आमच्या आव्यात एका अंगाला धग लागते, तिथं काळं येतं, बायका तेच निवडतात.’ युनिट किती लागली विचारले. दहा किलोवॅटची भट्टी सात तास, त्यातला निम्मा वेळ तार चालू, असे मी बोटांवर मांडून दाखवले, पस्तीस. त्यांनी मनात भुश्याची पोती आणि गोवऱ्या लावून पाहिल्या असाव्यात. पणत्यांना परवडणार नाही, पण पावसाळ्यात, आवा लावता येत नाही तेव्हा, सुगडांसाठी बघू, असे म्हणाले.

विष्णुदत्तेच्या लेखात एक शब्द आहे, तो मला अलीकडे जास्त महत्त्वाचा वाटतो. ठेव गोवर्धनात राहणाऱ्या ‘आगतानागत’ श्रेणींकडे आहे, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या. फळ्यावरची ती ओळ आता खोडली आहे. तिथे लिहिले आहे, ‘स्थानिक माती: महिन्याचा दुसरा शनिवार, 820 पर्यंत, नाव व माती आधी नोंदवावी.’ आषाढातल्या भाजणीसाठी पहिले नाव काकांच्या पुतण्याचे होते.